बाणाला बाण जोडणारी माणसं

भरलेली बादली जड असेल तर आपण ती दोघांत मिळून उचलतो. एकाच कडीला दोन हात. दोघं अगदी जवळून चालले तर बादली हलकी वाटते, आणि एकमेकांपासून लांब लांब चालले (म्हणजे नुकतंच भांडण वगैरे झालेलं असेल तर :) ) तीच बादली दोघांनाही जड होते. समजा दहा किलोची बादली आहे. दोघांचे हात सरळ वर असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला पाच किलो. दोन हातांमध्ये १२० अंशांचा कोन झाला की प्रत्येकाला पूर्ण दहा किलोचा ताण. म्हणजे दोघं असून फायदा शून्य. त्याहून लांब गेलात तर एकट्यानेच उचलली असती तर बरं झालं असतं, अशी अवस्था.

पाठ्यपुस्तकात याला 'सदिश राशींची बेरीज' असं भारदस्त नाव आहे. करायची पद्धत मात्र बालवाडीतल्या चित्रासारखी. एक बाण काढायचा. त्याची लांबी म्हणजे जोर, टोक म्हणजे दिशा. त्याच्या टोकाला दुसऱ्या बाणाचं शेपूट जोडायचं. मग पहिल्याच्या शेपटापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत सरळ रेघ मारायची. ती रेघ म्हणजे बेरीज. तीन आणि चार मिळवले तर सात होतील, एक होईल, किंवा काटकोनात असतील तर पाच होतील. बाण कुठे तोंड करून आहेत त्यावर सगळं अवलंबून.

आमच्या अकरावीच्या वर्गात हा भाग एका तासात उरकला गेला. आधी व्याख्या, मग नियम, मग उदाहरणं, आणि शेवटी 'याचे उपयोग' म्हणून चार ओळी. त्यामुळे माझी कित्येक वर्षं अशी समजूत होती की आधी कुणी विद्वानाने 'सदिश' ही कल्पना काढली, मग तिची बेरीज ठरली, आणि मग इंजिनियर लोकांनी ती वापरली. गेले काही महिने फावल्या वेळात या विषयावर जे मिळेल ते वाचतोय, आणि घडलं ते जवळजवळ उलट्या क्रमाने, असं दिसतंय. दोर, वजनं, उतार आणि कागद यांच्याशी झटणाऱ्यांनी बाण आधी जोडले. बाणाला नाव सर्वात शेवटी मिळालं.

सुरुवात ग्रीकांपासून. 'यांत्रिक प्रश्न' नावाचं एक छोटं जुनं पुस्तक ॲरिस्टॉटलच्या नावावर आहे, पण ते त्याच्या परंपरेतल्या दुसऱ्याच कुणीतरी लिहिलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. एखादी वस्तू एकाच वेळी दोन दिशांनी सरकत असेल तर ती समांतरभुज चौकोनाच्या कर्णावरून जाते, हे त्यात आहे. पुढे अलेक्झांड्रियाच्या हेरॉनकडेही ते सापडतं. खाडीत होडी घालणाऱ्या कुठल्याही नावाड्याला हे ठाऊक असतं. पलीकडच्या धक्क्यावर जायचं तर नाव धक्क्याच्या वरच्या अंगाला रोखायची, बाकीचं काम ओढ करते.

पण हे झालं गतीचं. गती डोळ्यांना दिसते. जोराचं तसं नाही. दोन दोरांवर एक घंटा टांगली आहे, काहीही हलत नाही, सगळं निवांत. तरी प्रत्येक दोरात ताण आहे. तो किती? न हलणाऱ्या गोष्टीतला बाण काढायचा कसा? इथे गाडी बराच काळ अडली होती.

ती पुढे नेली (हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे) सिमोन स्टेव्हिनने. हा ब्रुज गावात १५४८ साली जन्मला. हिशेब, किल्ले, कालवे, पवनचक्क्या, सगळ्यात लुडबुड. प्रिन्स मॉरिससाठी शिडाने चालणारी गाडी बनवून समुद्रकिनाऱ्यावरून वाऱ्याच्या जोरावर पळवली होती म्हणे. १५८६ साली त्याने लायडनला वजनांच्या शास्त्रावर पुस्तक छापलं. त्यात एक त्रिकोण आहे, पाया खाली आणि दोन उतार दोन बाजूंना. एक उतार दुसऱ्याच्या दुप्पट लांब. त्यावर सारख्या वजनाच्या चौदा गोळ्यांची माळ घातलेली. लांब उतारावर चार गोळे, आखूड उतारावर दोन, उरलेले आठ खाली झोक्यासारखे लोंबतायत.

आता स्टेव्हिन विचारतो, ही माळ फिरेल का? चार गोळे दोघांना ओढून घेतील असं वरवर वाटतं. पण समजा माळ एक घर सरकली, तर पुन्हा चित्र जसंच्या तसं. चार, दोन, आठ. म्हणजे पुन्हा सरकणार, आणि असं कायम फिरतच राहणार. हे तर अशक्य. म्हणून माळ फिरत नाही. खालचे आठ दोन्ही बाजूंना सारखेच ओढतात, ते कापून टाका. वरचे चार आणि दोन समतोलात राहिले. म्हणजे दुप्पट लांबीच्या उतारावर वस्तू धरून ठेवायला निम्मा जोर पुरतो. ना समीकरण, ना प्रयोग. फक्त एक माळ, आणि फुकटात काही मिळत नाही हा व्यवहारी संशय! यावरूनच पुढे जाऊन त्याने तिरप्या दोरांवर टांगलेल्या वजनाचा हिशेब केला, आणि त्यातले ताण त्रिकोणाच्या बाजूंच्या प्रमाणात असतात इथपर्यंत पोचला. हे चित्र त्याला इतकं आवडलं की त्याने ते पुस्तकाच्या मुखपृष्ठावर घातलं, आणि शेजारी अशा अर्थाची ओळ, की हे आश्चर्य असूनही आश्चर्य नाही.

जाता जाता, मराठीत लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी एक गोष्ट. त्या काळी विद्वानांची भाषा लॅटिन. स्टेव्हिनने हे पुस्तक मुद्दाम डचमध्ये लिहिलं, आणि विज्ञानाला डच कशी योग्य आहे यावर वेगळं प्रकरण जोडलं. एकाक्षरी शब्द तिच्यात किती आहेत हे मोजून दाखवलं! गणितासाठी डचमध्ये आज जो शब्द आहे, 'विस्कुंड', तो त्याच्यामुळे रूढ झाला. आपल्याकडे परिभाषा म्हटली की लोक नाकं मुरडतात. 'सदिश' हा शब्द मला तरी छान वाटतो. दिशेसकट असलेला. दोनच तुकड्यांत सगळी व्याख्या आली.

असो. स्टेव्हिननंतर शंभरेक वर्षांनी, १६८७ मध्ये, एकाच साली तीन जण या नियमापाशी आले. न्यूटनचं 'प्रिन्सिपिया' त्या साली निघालं. त्यात तीन नियम सांगून झाल्यावर लगेच पहिला उपसिद्धांत हाच आहे, दोन जोर एकदम लागले तर वस्तू कर्णावरून जाते. फ्रान्समध्ये पिएर व्हारिन्याँने नव्या यांत्रिकीचा आराखडा छापला, सगळी यंत्रं याच एका तत्त्वावर बसवून. आणि फ्रान्समध्येच बर्नार्ड लामी नावाच्या पाद्र्यानेही तेच मांडलं. त्याच्यावर चोरीचा आळ आला, त्याने तो नाकारला. आपल्याकडे इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला बसलेला प्रत्येक जण 'लामीज थिअरम' पाठ करून गेलेला असतो. तो लामी हाच. न्यूटनचं नाव सगळ्यांना माहीत, पण दोन दोरांवर लटकलेल्या दिव्याचं गणित सोडवताना मुलं नाव घेतात ते या पाद्र्याचं. मला यात थोडा न्याय वाटतो.

व्हारिन्याँ १७२२ साली गेला. त्याचं मोठं पुस्तक १७२५ साली बाहेर आलं. त्यात दोरांच्या आकृत्या आहेत. एका दोरावर ठिकठिकाणी वजनं टांगली की दोर कसा मोडत मोडत जातो ते एका बाजूला, आणि त्या वजनांचे नि ताणांचे बाण जोडून झालेली आकृती दुसऱ्या बाजूला. हे महत्त्व घरच्या घरी पटवून घ्यायचं असेल तर कपडे वाळत घालायच्या दोरीकडे बघा. चार मीटरची दोरी, मधोमध दोन किलोचा ओला टॉवेल, आणि दोरी तिथे फक्त दहा सेंटिमीटर खाली आली आहे. दोरीतला ताण किती? दोन किलो नव्हे, एकही नव्हे. वीस किलो! बाण काढून पाहिलं तर लगेच दिसतं. टॉवेलचा बाण उभा नि बुटका, दोरीचे दोन बाण जवळजवळ आडवे. त्या दोघांना मिळून तो बुटका बाण तोलायचा तर त्यांना लांबच लांब व्हावं लागतं. दोरी पूर्ण आडवी करायची असेल तर ते बाण कधी संपणारच नाहीत. म्हणून गॅलरीतले खिळे निघून येतात, आणि आपण खिळ्याला दोष देतो.

पुढच्या शतकात एक वेगळाच वाद पेटला. हा नियम सिद्ध करता येतो का? डॅनियल बर्नुलीने १७२६ मध्ये सांगितलं की हा अनुभवातून आलेला नियम नाही, भूमितीसारखं निखळ सत्य आहे, आणि त्याची सिद्धताही दिली. त्यानंतर बड्या बड्या गणितज्ञांनी आपापल्या सिद्धता दिल्या. १८८३ साली एर्न्स्ट माखने यांत्रिकीचा इतिहास लिहिताना या सगळ्यांना झाडलं. तुमच्या प्रत्येक सिद्धतेत अनुभव मागच्या दाराने आत आलेला आहे, तुम्हाला तो दिसत नाही इतकंच. मी माखच्या बाजूचा. स्टेव्हिनच्या माळेतसुद्धा 'असं कायम फिरणारं काही कुणी पाहिलेलं नाही' हा अनुभवच तर बसलाय.

आणि नाव? तेही एका अर्थी चालणाऱ्या माणसांकडून आलं. कास्पार वेसेल हा डेन्मार्कमध्ये जमीन मोजणीचं काम करणारा नॉर्वेजियन. मोजणीवाल्याचं आयुष्यच बाणाला बाण जोडण्यात जातं. इथून त्या झाडापर्यंत अमुक अंतर अमुक दिशेला, तिथून पुढच्या खुणेपर्यंत तमुक. शेताला फेरी मारून मूळ दगडाशी परत आलो तर बेरीज शून्य यायला हवी, आणि ती जितकी येत नाही तितकी चूक. वेसेलने १७९७ मध्ये डॅनिश अकादमीपुढे निबंध वाचला. त्यात दिशा असलेल्या रेषांची बेरीज स्वच्छ सांगितली आहे. पहिली संपते तिथे दुसरी सुरू करायची, आणि पहिल्या बिंदूपासून शेवटच्या बिंदूपर्यंतची रेषा ही बेरीज. निबंध १७९९ साली छापला गेला, आणि जवळजवळ शंभर वर्षं कुणी वाचलाच नाही. डॅनिशमध्ये होता ना. (स्टेव्हिनचं कौतुक केलं त्याची ही दुसरी बाजू.) 'व्हेक्टर' हा शब्द या अर्थाने हॅमिल्टनने १८४० च्या दशकात आणला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ वाहून नेणारा. थोडक्यात, हमाल.

आता लोखंडाचे पूल. एकोणिसाव्या शतकात आगगाडी आली आणि दऱ्याखोऱ्यांवर लोखंडी त्रिकोणांचे पूल उभे राहायला लागले. एकेका पुलात शंभर-शंभर पट्ट्या. कुठली दाबली जाते, कुठली ताणली जाते, किती? समीकरणं मांडून सोडवायची तर माणूस म्हातारा होईल. झुरिकच्या नव्या पॉलिटेक्निकमध्ये १८५५ पासून शिकवणारा कार्ल कुलमान हा स्वतः आधी रेल्वेत काम केलेला माणूस. ब्रिटन-अमेरिकेत फिरून त्याने तिथले पूल पाहिले होते. १८६६ साली त्याने 'ग्राफिक स्टॅटिक्स'चा ग्रंथ काढला. गणित करायचंच नाही, काढायचं. पट्टी, काटकोन, टोकदार पेन्सिल. एकेका सांध्यापाशी येणारे सगळे जोर बाण म्हणून एकापुढे एक जोडायचे. सांधा स्थिर असेल तर शेवटचा बाण बरोबर पहिल्याच्या शेपटाशी येऊन मिळाला पाहिजे. आकृती बंद झाली पाहिजे. माहीत असलेले बाण आधी काढा, उरलेल्या दोन पट्ट्यांच्या दिशांना समांतर रेघा मारा, त्या जिथे छेदतील तिथे उत्तर. मग फूटपट्टीने मोजा.

त्याच सुमारास, १८६४ मध्ये, मॅक्सवेलने (हो, तोच, विद्युतचुंबकत्ववाला) दाखवलं की संपूर्ण सांगाड्याचे हे सगळे बहुभुज एकाच आकृतीत बसवता येतात. सांगाड्याची आकृती आणि जोरांची आकृती एकमेकींची जुळी. इथे सांधा, तिथे बहुभुज. आणि यात मला भावलेली गोष्ट अशी की मॅक्सवेलने स्वतःच नोंदवून ठेवलंय, की एका कंत्राटदाराच्या ऑफिसातल्या टेलर नावाच्या ड्राफ्ट्समनने हीच युक्ती आपली आपण शोधली होती. मॅक्सवेलसारख्याच्या डोक्यात आलेली गोष्ट ड्रॉइंग बोर्डापाशी उभ्या माणसाच्या हातात आधीच उतरलेली.

१८७३ साली एडिंबराच्या रॉबर्ट बो नावाच्या इंजिनियरने अक्षरं देण्याची सोय काढली. सांध्यांना नाही, तर पट्ट्यांमधल्या मोकळ्या जागांना नावं द्यायची. ऐकायला क्षुल्लक, पण त्याने गोंधळ निम्मा झाला. आपल्याकडे डिप्लोमा केलेल्या काका-मामा मंडळींना 'बोज नोटेशन' म्हटल्यावर लगेच रात्री जागून काढलेली शीटं आठवतील.

या पद्धतीचं मोठेपण असं की चूक लपत नाही. आकड्यांच्या रकान्यात एखादा हातचा सुटला तर उत्तर तितक्याच ऐटीत समोर येतं. चित्रात चूक झाली तर बहुभुज बंदच होत नाही. टोक आणि शेपूट यांच्यात फट राहते आणि ती आपल्याकडे बघत बसते.

पण जो बाण काढलाच नाही, त्याची फट दिसत नाही.

स्कॉटलंडमध्ये टे नदीच्या मुखावर थॉमस बाउचने जवळजवळ दोन मैल लांबीचा रेल्वे पूल बांधला. १८७८ मध्ये तो सुरू झाला, पुढच्या वर्षी बाउचला 'सर' ही पदवी मिळाली. २८ डिसेंबर १८७९ च्या संध्याकाळी वादळात, गाडी पुलावर असताना, मधले उंच गाळे नदीत कोसळले. गाडीतलं कुणीही वाचलं नाही. चौकशीत बाउचला विचारलं गेलं की वाऱ्याच्या दाबासाठी काय तजवीज केली होती. खास अशी काही केलेली नव्हती. दुसऱ्या एका पुलासाठी राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांचा सल्ला घेतला होता, त्यांनी चौरस फुटाला १० पौंड धरा असं सांगितलं होतं. ओतकाम वाईट होतं, देखभाल वाईट होती, हेही सगळं चौकशीत निघालं. पण वजनाचे उभे बाण मांडताना वाऱ्याचा आडवा बाण मनावर घेतला गेला नव्हता, हे मुळाशी होतंच. बाउच वर्षभराच्या आतच, १८८० मध्ये, वारला. त्यानंतर ब्रिटिश सरकारने चौरस फुटाला ५६ पौंड धरण्याचा नियम केला, आणि १८९० साली उघडलेला फोर्थचा अवाढव्य पूल त्या हिशेबाने बांधला गेला. दहाचे छप्पन्न. बाण साडेपाच पटींहून लांब झाला. आणि तो एवढा लांब करायला एक आख्खी गाडी लागली.

म्हणूनच पुढचं वाचताना मला फार बरं वाटलं. कुलमानच्या हाताखाली झुरिकला शिकलेला मॉरिस केश्लँ हा तरुण पॅरिसला आयफेलच्या कंपनीत होता. जून १८८४ मध्ये त्याने ३०० मीटर उंच मनोऱ्याचं पहिलं रेखाटन केलं. सहकारी नुगिए बरोबर होता. म्हणजे आयफेल टॉवर मुळात आयफेलच्या हातचा नाही. आणि या मनोऱ्याचे पाय असे खाली येताना पसरत का जातात? दिसायला छान म्हणून नव्हे. कुठल्याही उंचीवर मनोरा आडवा कापला अशी कल्पना करा. त्याच्या वरच्या भागावर वाऱ्याचा जो एकूण जोर आहे, तो एका बाण म्हणून काढा. कापलेल्या जागी दोन बाजूंच्या पायांची दिशा सरळ वर वाढवत न्या. त्या रेघा त्या बाणाच्या रेघेवरच येऊन मिळाव्यात, असा तो आकार साधला आहे. तिन्ही रेघा एका बिंदूत. मग वाऱ्याचा सगळा जोर पायांच्याच दिशेने उतरतो, मध्ये आडव्यातिडव्या जाड पट्ट्यांची गरज राहत नाही. १८८७ मध्ये पॅरिसच्या लेखक-कलावंतांनी या 'कुरूप' मनोऱ्याविरुद्ध निषेधाचं पत्रक काढलं, तेव्हा आयफेलने उत्तर दिलं की त्या कडांचा बाक वाऱ्याच्या हिशेबातून आलेला आहे. टेच्या पुलात जो बाण विसरला गेला होता, त्यानेच इथे आकार काढून दिला. मधे फक्त पाच वर्षं.

कंप्युटर आल्यावर ही चित्रं मागे पडली. पडणारच होती, त्यात रडण्यासारखं काही नाही. शंभर पट्ट्यांचं उत्तर क्षणात येत असेल तर कोण पेन्सिलीला टोक करत बसणार? पण अलीकडे उलटही झालं. झुरिकच्याच त्या संस्थेत फिलिप ब्लॉक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे जुने बहुभुज कंप्युटरवर आणले. पडद्यावर एका बाजूला घुमट, दुसऱ्या बाजूला त्याच्या जोरांची आकृती. एक ओढली की दुसरी हलते. २०१६ मध्ये त्यांनी व्हेनिसच्या प्रदर्शनात चुनखडीच्या ३९९ दगडांचं छत उभं केलं. दगडांमध्ये ना सिमेंट, ना चुना. नुसते एकमेकांना टेकलेले, आणि सगळ्यात पातळ जागी जाडी फक्त पाच सेंटिमीटर. फोटो शोधून जरूर बघा.

आणि घरातल्या मंडळींना एक विनंती. माळ्यावर कुणाचं ग्राफिक स्टॅटिक्सचं जुनं शीट असेल, पिवळं पडलेलं, कोपऱ्यात सरांची लाल सही असलेलं, तर टाकून देऊ नका. स्कॅन करून मला पाठवा. बहुभुज बंद झालाय की नाही ते बघायचंय.